झरा आटतो, बंधारा वाहून जातो: पाड्यावरच्या पाणीकामात या चुका टाळा

इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी तिथल्या आणि त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यातल्या कित्येक पाड्यांवर होळीनंतर हंडे घेऊन दरी उतरावी लागते.

दिवाळीत झरा मोजू नका. तेव्हा सगळेच झरे दांडगे दिसतात. मे महिन्यात 10 लिटरची बादली धरून वेळ लावा. भरायला 2 मिनिटं लागली तर दिवसाचे 7200 लिटर झाले. माणशी 55 लिटर धरले तर 130 माणसांची सोय. पण रात्री 9 ते पहाटे 5 पर्यंतचं 2400 लिटर ओढ्यात गेलं तर हा हिशेब फसतो. म्हणून आधी 3000 लिटरची टाकी, नळाचं नंतर बघू.

सगळ्यात महागात पडते ती झऱ्याचं तोंड खोदून मोठं करायची हौस. आपला काळा पाषाण थराथरांचा आहे. भेगाळ थरातून उतरलेलं पाणी खालच्या घट्ट, बऱ्याचदा तांबड्या थरावर अडतं आणि तो थर डोंगराच्या कडेला उघडा पडतो तिथे बाहेर येतं. पहारीने तो थर फुटला की पाणी खाली जिरतं, झरा गेलाच म्हणायचा. सुरुंगाचं तर नावच काढू नका. दुसरी खोड सांडव्याची. झऱ्याच्या तोंडाशी पाणी धरायला बांधलेल्या पेटीचा सांडवा पाइप, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारा, झऱ्याच्या तोंडापेक्षा वर बसला की पेटी तुंबते, उलटा दाब येतो आणि पाणी बाजूने वाट काढतं. पाइप तोंडापेक्षा चार बोटं खालीच हवा. तोंडाशी धुतलेली खडी भरा, पेटीला झाकण लावा, वरच्या अंगाला 8-10 मीटरवर चर खणून पावसाचा लोंढा वळवा. गुरांचं पाणी आणि धुणं झऱ्याच्या खालच्या बाजूला.

विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, मुठीने टाकतात, ते चूक. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला 785 ने गुणलं की लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी म्हणजे 14,130 लिटर; हजार लिटरला 5 ग्रॅमप्रमाणे 70 ग्रॅम पावडर. बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा, चुन्याचा साका नाही. मग पोहरा वरखाली करून पाणी ढवळा. तासाभराने ओटीचे, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे, थेंब टाकल्यावर नमुना पिवळा झाला पाहिजे. झाला नाही तर बहुधा पावडर मेलेली असते: पोतं उघडं राहिलं, ओल लागली. 20 टक्क्यांखाली क्लोरीन उरलेली पावडर वापरू नये.

वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूच्या गोण्या रचून ओढ्यावर घातलेला तात्पुरता बांध, सप्टेंबरात घालाल तर परतीचा पाऊस तो घेऊन जाईल. ओढ्याची धार बारीक झाल्यावर घाला. गोण्या गच्च नकोत, दोनतृतीयांशच भरा. तरच एकमेकींवर चपखल बसतात.

झऱ्याच्या माथ्यावरचं रान सगळंच एकदम चराईला बंद केलं की गुरं रात्री आत शिरतात, भांडणं होतात. तीन तुकडे करून आळीपाळीने बंद ठेवा. वनहक्क कायदा 2006 नुसार सामूहिक हक्क मिळाला असेल तर हे ग्रामसभेच्या अधिकारातच येतं. त्याच बैठकीत नागलीच्या राबाचंही, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजण्याचंही, ठरवा: टाहाळ (पानांच्या फांद्या) कुठला तोडायचा, किती, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाची कुठली झाडं अजिबात छाटायची नाहीत.