कोरियन, जपानी, चिनी ड्रामा बघायला घेताय? आधी लेखक कोण ते बघा

"कुठून सुरू करू?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, वेळ किती आहे तुझ्याकडे? कारण हे तीन देश तीन वेगळ्या मापांनी ड्रामा, म्हणजे टीव्ही मालिका, बनवतात आणि ते माप माहीत नसलं की माणूस एकतर तिसऱ्या भागात कंटाळून सोडून देतो नाहीतर महिनाभर झोपेचं खोबरं करून बसतो. कोरियन ड्रामा साधारण १६ भागांचा, एकेक भाग तास-सव्वा तास, आठवड्याला दोन. जपानी म्हणजे १०-११ भाग, पाऊण तासाचा एक, आठवड्याला एकच, आणि त्यांचं टीव्हीचं वर्ष चार हंगामांत वाटलेलं असतं, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, हंगाम संपला की गोष्ट पण संपली. चिनी मालिका मात्र लांबच लांब, २०११ ची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' तब्बल ७६ भागांची आहे. २०२० मध्ये तिथल्या सरकारी खात्याने सांगितलं की ४० भागांच्या आत आवरा, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच मालिका ४० च्या आसपास येऊन थांबल्या, गोष्ट तेवढी असो वा नसो (ही मर्यादा २०२५ मध्ये सैल केली).

एक गंमत सांगून ठेवते. काही कोरियन ड्रामांपुढे ३२ किंवा ४० भाग लिहिलेले दिसतील, घाबरू नका. तिकडच्या मोठ्या जुन्या चॅनेल्सना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात दाखवायला २०२१ पर्यंत परवानगीच नव्हती, म्हणून त्यांनी एका तासाच्या भागाचे दोन तुकडे केले आणि मधल्या फटीत जाहिराती घातल्या. 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' (२०१९) असाच ४० तुकड्यांचा आहे, खरं म्हणजे २० भाग. आणि मस्त आहे, ते नंतर.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक हिरो बघून ड्रामा निवडतात, मग त्याच हिरोचा दुसरा ड्रामा लावतात, तो भंगार निघतो आणि मग "कोरियन ड्रामा सगळे सारखेच" असं जाहीर करून मोकळे होतात. माझं सरळ मत आहे की निवडायचं तर लेखक बघून निवडा. सिनेमा दिग्दर्शकाचा असतो हे ठीक, पण कोरियन ड्रामा लेखकाचा असतो, बहुतेक वेळा सगळे भाग एकाच बाईने किंवा माणसाने लिहिलेले असतात (बाईनेच जास्त, आणि हे मला फार आवडतं), आणि तिथली जनता पण नव्या ड्रामाची बातमी वाचताना आधी लेखिकेचं नाव बघते. एकदा तुम्हाला एक लेखिका पटली की पुढचे दोन-तीन महिने काय बघायचं हा प्रश्नच मिटतो.

थोडक्यात सांगते कोण कशासाठी. किम उन-सुक म्हणजे चकचकीत संवाद, मोठ्ठं प्रेम, 'गॉब्लिन' (२०१६), 'मिस्टर सनशाइन' (२०१८), आणि मग अचानक 'द ग्लोरी' सारखा थंड डोक्याचा सूडाचा ड्रामा पण तिचाच. किम उन-ही म्हणजे गुन्हे, तपास, 'सिग्नल' आणि राजदरबारात झॉम्बी सोडणारा 'किंगडम'. ली वू-जंग म्हणजे गल्ली, शेजारी, मित्र, 'रिप्लाय १९८८' आणि 'हॉस्पिटल प्लेलिस्ट', यात व्हिलन शोधत बसू नका, नसतोच. नो ही-क्यंग म्हातारी माणसं आणि त्यांची भांडणं जशी लिहिते तशी कुणी लिहीत नाही, 'डिअर माय फ्रेंड्स' (२०१६) बघा. इम सांग-चुन या टोपणनावाने लिहिणारी व्यक्ती म्हणजे 'कॅमेलिया' आणि २०२५ चा 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजेरिन्स', रुमाल घेऊन बसा. आणि पार्क हे-यंग, जिच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

'माय मिस्टर' (२०१८) लोक पहिल्या दोन भागांत सोडतात आणि मला त्याचं दरवेळी वाईट वाटतं. कारण कळतं मला, पहिल्याच भागात एका मुलीला सावकाराचा पोरगा मारतो, रंग सगळे राखाडी, कुणी हसत नाही, आणि नावावरून वाटतं की आता चाळिशीतल्या माणसाचं आणि विशीतल्या मुलीचं लफडं दाखवणार. तसं काहीच नाहीये. तो स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, इमारत किती भार सोसेल हे तपासणारा, ती त्याच्याच ऑफिसात टेम्पररी, पैशासाठी त्याचा फोन चोरून ऐकते, आणि ऐकता ऐकता तिला कळत जातं की या माणसाच्या आत काय चाललंय. ड्रामाचा अर्धा भाग एक मुलगी कानात इयरफोन घालून दुसऱ्याचे श्वास ऐकते आहे एवढाच आहे आणि तरी हलता येत नाही जागेवरून. तर हा लावाल तेव्हा चार भाग द्या त्याला, चार भागांनंतर पण नाही जमलं तर सोडा, मी काही म्हणणार नाही. आणि एका दमात बघू नका, दिवसाला एक बास.

हा चार भागांचा नियम मी सगळ्याच कोरियन ड्रामांना लावते. दोन आठवड्यांत तिकडे चार भाग दाखवले जातात, तेवढ्यात गोष्ट मार्गाला लागावी अशीच बेतलेली असते. उलट बाजूने पण एक नियम आहे, बारा-तेराव्या भागाच्या आसपास बऱ्याच ड्रामांचा दम जातो. पूर्वी तर शूटिंग आणि प्रक्षेपण बरोबरच चालायचं, स्क्रिप्टची पानं त्याच दिवशी सेटवर यायची, प्रेक्षक ओरडले की गोष्ट वळवायचे, म्हणून जुन्या ड्रामांचे शेवट बघून डोकं धरावं लागतं. २०१६ च्या 'डिसेंडंट्स ऑफ द सन' ने सगळं आधी शूट करून मग दाखवलं, आता ते बरंच वाढलंय. तरी चौदाव्या भागात विनाकारण ताटातूट आणि सोळाव्यात "एक वर्षानंतर" हा आजार काही जात नाही. तिथे फॉरवर्ड केलंत तरी पाप लागत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता उद्योग सांगते, एक सिनेमा आणि एक ड्रामा जोडीने बघणे. बोंग जुन-हो चा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) आधी बघा. १९८६ ते १९९१ मध्ये ह्वासंग भागात बायकांचे खून होत होते आणि खुनी सापडला नव्हता, त्याच्यावर आहे. गावाकडचे पोलीस, अंदाजपंचे तपास, मारझोड करून घेतलेले कबुलीजबाब, आणि मध्येच भयंकर विनोदी. मग लगेच 'सिग्नल' (२०१६) लावा, त्यात पण त्याच खुनांचं कथानक येतं, फक्त इथे रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी एका जुन्या वॉकीटॉकीवर भूतकाळातला पोलीस आजच्या प्रोफायलरशी, म्हणजे गुन्हेगाराचा स्वभाव ताडणाऱ्या पोलिसाशी, बोलतो. (प्रोफायलरचं नाव पण पार्क हे-यंग, वर सांगितलेल्या लेखिकेचं तेच, काही संबंध नाही, गोंधळू नका.) आणि दोन्ही बघून झाल्यावर मगच हे डोक्यात आणा की सिनेमा आणि ड्रामा दोन्ही बनले तेव्हा खरा खुनी माहीतच नव्हता. तो कळला २०१९ मध्ये, डीएनए वरून, ली चुन-जे, जो आधीच दुसऱ्या खुनासाठी तुरुंगात होता. पण त्या खुनांसाठी खटला भरायची मुदत २००६ मध्येच संपली होती. आणि त्यातल्या एका खुनासाठी जवळजवळ २० वर्षं तुरुंगात काढलेला निरपराध माणूस निर्दोष सुटला २०२० मध्ये. आता सिनेमाचा शेवटचा शॉट परत लावून बघा. 'सिग्नल' मध्ये मुदत संपण्यावर इतका जीव का काढलाय ते पण मग समजतं, कोरियाने खुनासाठीची ती मुदत २०१५ मध्ये काढून टाकली, पण ज्यांची मुदत आधीच संपली होती त्यांना उपयोग नाही.

जपानी कडे वळताना कोरियन घाई घरी ठेवा. तिथे कुणी पावसात छत्री टाकून मिठी मारत नाही, दोन माणसं टेबलावर बसून लिंबाबद्दल वाद घालतात आणि त्यात सगळं येतं. ही लिंबाची गोष्ट खरी आहे, साकामोतो युजी च्या 'क्वार्टेट' (२०१७) मध्ये तळलेल्या चिकनवर लिंबू न विचारता पिळावं का यावर मोठी चर्चा आहे आणि ती मुळात लग्नाबद्दल आहे. याच माणसाचा 'मदर' (२०१०) इतका पकडणारा होता की तुर्कस्तानात आणि कोरियात पण रिमेक झाला. आणि 'मॉन्स्टर' सिनेमासाठी त्याला २०२३ मध्ये कान चित्रपट महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं. पण सुरुवात मी त्याच्यापासून करायला सांगणार नाही, सुरुवात नोगी अकिको च्या 'अननॅचरल' (२०१८) पासून करा, १० भाग, संशयास्पद मृत्यूंचा शोध घेणारी एक लॅब, बहुतेक भागांत नवी केस, आणि मागे एक मोठी गोष्ट हळूहळू पुढे सरकते. अगदीच अर्ध्या तासाचा जीव असेल तर 'मिडनाइट डायनर', एक भाग, एक पदार्थ, एक माणूस, झालं. जपानी ड्रामातला अभिनय कधी कधी ओव्हर वाटतो, खास करून ऑफिसवाल्यांत, 'हानझावा नाओकी' (२०१३) मध्ये बँकेतली माणसं डोळे बाहेर येईपर्यंत ओरडतात. मला तर तेच आवडतं त्यात, पण सगळ्यांना झेपेल असं नाही.

चिनी बघताना शेजारी कागद-पेन ठेवा, मस्करी नाही करत. 'निर्वाणा इन फायर' (२०१५, ५४ भाग) हा माझ्या मते या सगळ्या यादीतला सगळ्यात घट्ट विणलेला ड्रामा, पण पहिल्या तीन-चार भागांत इतके राजपुत्र, सरदार, पंथ आणि नातेवाईक येतात की डोकं गरगरतं, त्यात नायकाचीच तीन नावं, लिन शू, मेइ चांगसू, सू झे. बारा वर्षांपूर्वी ७०,००० सैनिकांच्या फौजेवर राजद्रोहाचा खोटा ठपका ठेवून ती संपवली गेली, त्यातला वाचलेला एक जण आजारी शरीर घेऊन राजधानीत येतो आणि तलवार न उचलता डाव मांडतो. एवढी एक ओळ धरून ठेवा, बाकीचे आपोआप जागेवर बसतात. कोण कोणाचा मुलगा ते लिहा, आणि राजपुत्र जिंग आणि राजपुत्र यू यांच्यात गोंधळ करू नका म्हणजे अर्धी लढाई जिंकली. लांब काही नकोच असेल तर 'द बॅड किड्स' (२०२०), फक्त १२ भाग, सुरुवातीलाच एक सभ्य दिसणारा मास्तर सासू-सासऱ्यांना डोंगरावरून ढकलतो आणि तीन पोरांच्या कॅमेऱ्यात चुकून ते येतं. बास, पुढे सांगत नाही.

चिनी मालिकेत ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून नेटला शिव्या घालू नका, तिथे मूळ मालिकेतच बऱ्याच नटांना दुसरे आवाज दिलेले असतात. पण त्या कारणाने तुम्ही सगळंच डब बघू नका, कोरियन तर नाहीच नाही. तिथे माणसं कोणाशी कसं बोलतात यात अर्धी गोष्ट असते, वय विचारल्याशिवाय त्यांना पुढचं वाक्य बोलता येत नाही, आणि डबिंगमध्ये बॉस, आजी, मित्र सगळे एकाच सुरात बोलतात. वयाचा हिशोब पण लागत नसेल तर त्याचं कारण जुनी कोरियन पद्धत, जन्मताच एक वर्ष आणि दर एक जानेवारीला आणखी एक, सरकारी कामात ती २०२३ मध्ये बंद झाली, पण त्याआधीच्या ड्रामांत "मी तीस" म्हणणारी आपल्या हिशोबाने अठ्ठावीस-एकोणतीसची निघते. नावात आडनाव आधी येतं, तिन्ही देशांत. सबटायटल वाचायची सवय नसेल तर दोन दिवस त्रास होईल, तिसऱ्या दिवशी आपण वाचतोय हे पण लक्षात राहत नाही, फक्त बघताना हातात फोन नको.

मध्येच सगळी पात्रं एकाच ब्रँडचं सँडविच खायला लागली किंवा कुणीतरी गालाला क्रीम लावताना डबी कॅमेऱ्याकडे वळवली तर ती जाहिरात आहे, कथेचा क्लू नाही. हे पण सोसायचं.

आणि काय आधी बघू नका तेही सांगते. 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९) ने सुरुवात करू नका. मूळ जपानी मांगा (चित्रकथा), मग तैवानचा 'मिटिओर गार्डन' (२००१), मग जपान, कोरिया, चीन सगळ्यांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा केली, आणि प्रत्येक वेळी श्रीमंत पोरगा मुलीला छळतो आणि त्यालाच प्रेम म्हणायचं. तेव्हा चाललं, आता मला नाही चालत. 'स्क्विड गेम' बघायला हरकत नाही पण त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका.

सिनेमांचं गणित वेगळं, तिथे दिग्दर्शक धरा. कोरे-एडा पासून सुरू करा, 'स्टिल वॉकिंग' (२००८) मग 'शॉपलिफ्टर्स' (२०१८), त्याची सवय झाली की ओझू चा 'टोकियो स्टोरी' (१९५३), जिथे कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला असतो आणि जवळजवळ हलतच नाही. थेट ओझूला हात घातला तर झोप लागायची शक्यता आहे. एडवर्ड यांग चा तैवानी 'यी यी' (२०००) १७३ मिनिटांचा, तो रविवारी दुपारी. कुरोसावा चा 'सेव्हन सामुराई' (१९५४) २०७ मिनिटांचा, पण त्याच्या लांबीला बिचकू नका, बघताना तो सगळ्यात पटकन संपतो, आणि त्यात मध्यंतर मुळातच दिलेलं आहे, उठायचं तर तिथेच उठा.