टँकर येऊन गेल्यावर

सिनेमात गाडीचे स्टंट करायला येणाऱ्या नव्या पोरांसाठी हे लिहितोय. हँडब्रेक टर्न, म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी उलट तोंडाची फिरवणं, जमतो, क्लच-गिअरवर हात बसलाय, हे मी धरूनच चालतो. मला बोलायचंय ते पाण्याबद्दल.

माझं दुसरंच वर्ष होतं. दुपारी रिहर्सल झाली. ताशी ६० ने यायचं, गाडी उलट तोंडाची फिरवायची आणि खडूच्या मार्कवर थांबवायची. चारदा केलं, चारही वेळा चाक खडूवर. रात्री नऊला टँकर आला आणि रस्ता भिजवून गेला. रात्रीच्या सीनला रस्ता ओला करतातच, दिवे छान चमकतात. हे माहीत असूनही मी वेग तोच ठेवला. गाडी फिरली, पण थांबेचना. मार्क ओलांडून कॅमेऱ्याच्या ट्रॉलीकडे सरकत गेली. कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या पोराने उडी मारली म्हणून वाचला. गाडीचा दरवाजा ट्रॉलीच्या रुळांवर घासल्याचा तो आवाज अजून कानात आहे. दोन दिवस त्या पोराच्या नजरेला नजर देता आली नाही मला.

हिशेब नीट समजून घ्या. चांगल्या कोरड्या डांबरावर ६० च्या वेगात करकचून ब्रेक दाबला, तर गाडी साधारण १८ मीटरवर थांबते. पाण्याने पकड निम्म्यावर आली की तेच अंतर ३५ मीटर. वेग ८० केलात तर अंतर ६० च्या वेगातल्यापेक्षा जवळपास पावणेदोन पट, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. आणि नुकताच भिजलेला रस्ता सगळ्यात वाईट. धूळ आणि सांडलेलं ऑइल वर येतं. पहिल्या पावसात बाइक का घसरतात, आठवा. त्यात दर दोन-तीन टेकनंतर पुन्हा पाणी मारतात, म्हणजे पकड पुन्हा बदलली. म्हणून भिजल्यावर रिहर्सल मागायचीच. ‘टाइम नाही’ म्हणतील. तरी मागायची. आधी रस्त्यावरून चालत जा, बुटाने घासून बघा.

स्टंट मास्टर, म्हणजे स्टंट शिकवणारा आणि करवून घेणारा, निवडताना मी एकच बघतो: शॉटआधी तो स्वतः मार्कपर्यंत चालत जातो का. खुर्चीतून ‘मार दे’ म्हणणाऱ्याकडे कितीही मोठी कामं असोत, तिथे शिकायला जाऊ नका. रील्स बघून रिकाम्या रस्त्यावर सराव तर अजिबात नको. तिथे काही चुकलं तर सावरायला कुणी नसतं आणि समोरून येणाऱ्या माणसाला तुमचा शॉट माहीत नसतो.

१९७४ च्या बाँडपटात एक गाडी नदीवरून हवेत गिरकी घेत पलीकडे गेली, तीही पहिल्याच टेकला. त्यामागे संगणकावर केलेलं गणित होतं. वजन मधोमध यावं म्हणून स्टिअरिंगसुद्धा गाडीच्या मध्यावर बसवलं होतं. ते धाडस मला आवडतं. आणि जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या नागपट्टिणम जिल्ह्यात रॅम्पवरून गाडी उलटवण्याच्या शॉटमध्ये, कित्येक वर्षं हेच काम केलेले एक स्टंटमन जिवाला मुकले. अनुभवाने धोका संपत नाही, विमा काढूनच सेटवर जा.

भीती वाटते म्हणून हे काम आपलं नाही, असं मात्र समजू नका. मला प्रत्येक टेकआधी वाटते. हात थरथरत असतील तर सरळ सांगा, पाच मिनिटं मागा. चांगला मास्टर देतो.

गेल्या महिन्यात पुन्हा तसाच सीन होता. टँकर गेल्यावर मी खडू घेऊन खाली उतरलो, ब्रेकची जागा वीस पावलं अलीकडे आणली, आणि ट्रॉलीवरच्या पोराला म्हटलं, तू आधी त्या खांबामागे उभा राहा, मग मी गाडी काढतो.