नागपुरात आई-वडिलांना आणताय? मग हेही ठरवून ठेवा

मिहानमध्ये नोकरी लागली, मनीषनगर-बेसाकडे फ्लॅट मिळाला, आता गावाहून आई-वडिलांना आणायचंय, असं सांगत बरीच मंडळी माझ्याकडे येतात. मीही कोल्हापूरकडचाच, इथे येऊन मुरलेला. कूलर कुठला घ्यावा आणि उन्हाळा कसा काढावा हे शेजारी न विचारता सांगतील. मी वेगळंच सांगतो. विसरभोळेपणा सुरू झालेलं म्हातारं माणूस घराबाहेर पडलं आणि परत आलंच नाही, तर काय कराल?

पोलिसांना कळवलं की शहरभर मोबाइल वाजतील, असं काहींना वाटतं. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांकडून ऐकलेलं असतं. अमेरिकेत तशी सोय आहे खरी. मुलांसाठी अँबर अलर्ट, बऱ्याच राज्यांत वृद्धांसाठी सिल्व्हर अलर्ट. मधल्या वयाचे मात्र कुठेच बसत नव्हते. २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकमधून १९ वर्षांच्या अशांती बिलीचं अपहरण झालं. अँबरसाठी ती मोठी, सिल्व्हरसाठी लहान. ती जिवंत सापडली नाही. तिच्या नावाचा, धोक्यात असलेल्या बेपत्ता प्रौढांसाठीचा कायदा २०१८ च्या अखेरीस झाला.

आपल्याकडे २०२३ मध्ये फोन अचानक मोठ्यानं वाजले होते ना, ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. पूर, वादळ अशा वेळेसाठीची. तुमच्या बाबांसाठी तसा फोन कुणाचा वाजणार नाही. ते काम घरच्यांनाच करावं लागतं, आणि त्याची तयारी आधी लागते.

सगळ्यात मोठी गोची पत्त्याची. हरवलेल्या माणसाला नवा पत्ता आठवत नाही, जुना पाठ असतो. नागपूरकर मदतीला तत्पर. "काकाजी, कुठं जायचं?" असं कुणी विचारलं आणि बाबा म्हणाले "कोल्हापूर", तर तो भला माणूस त्यांना स्टेशनवर नेऊन महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवूनही देईल! आधारकार्डावरही गावचाच पत्ता. म्हणून इथला पत्ता आणि दोन मोबाइल नंबर जाड अक्षरात लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवा. पाकीट घरी राहतं, म्हणून एक चिठ्ठी सदऱ्याच्या आतून शिवून टाका. आईच्या ब्लाउजलाही. आधारचा पत्ता बदलून घ्या. वॉचमन, खालचा किराणावाला आणि चौकातले ऑटोवाले यांना बाबांची ओळख करून द्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

बाबा दिसेनात, तर शोधाशोधीत तास घालवू नका. एकानं गल्ली आणि जवळचं देऊळ बघावं, दुसऱ्यानं लगेच ११२ लावून ठाणं गाठावं. चोवीस तास थांबण्याचा नियम नाही. ड्युटीवरचा कुणी "उद्या या" म्हणाला, तर थेट ठाणेदारांना भेटा. मोठ्या माणसाच्या बाबतीत आधी 'मिसिंग'ची नोंद होते, तिचा नंबर मागून घ्या. अपहरणाचा संशय असेल तर गुन्हा दाखल करायला सांगा. हद्दीवरून वाद घालू नका, शून्य एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, चपला, चालू असलेली औषधं आणि फोनचा नंबर सोबत न्या. कपडे कुणालाच नीट आठवत नाहीत, म्हणून बाबा फिरायला निघाले की सूनबाईंनी एक फोटो काढून ठेवला तरी पुष्कळ.

तिसऱ्यानं स्टेशनवर जावं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथेच भेटतात, त्यामुळे माणूस काही तासांत इटारसीलाही पोचलेला असतो आणि बल्लारशालाही. लोहमार्ग पोलीस आणि आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, दोघांनाही फोटो द्या. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवरही कळवा. मग मोरभवनचा सिटी बसस्टँड, गणेशपेठ बसस्थानक, सीताबर्डीचं मेट्रो इंटरचेंज. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत अनोळखी रुग्ण आलाय का हे लवकर विचारा. उन्हानं माणूस रस्त्यातच कोसळतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन चांगली आहे, पण रात्री चालत नाही.

व्हॉट्सअॅपवर टाकाल तेव्हा तारीख, वेळ, शेवटचं ठिकाण आणि मिसिंगचा नंबर लिहा. तरुण बाईचा "हरवली आहे" असा फोटो आला तर मात्र पोलिसांकडून खात्री केल्याशिवाय पुढे ढकलू नका. ती मारहाणीला कंटाळून स्वतःहून निघालेली असू शकते, आणि शोधणाराच तिचा धोका असतो. सज्ञान माणसाला घर सोडायचा हक्क आहे, हे आपल्या ग्रुपांना कळतच नाही.

बाबा सापडले की त्यांना घेऊन ठाण्यात जा आणि नोंद बंद करून घ्या. ग्रुपवरही लगेच "सापडले" असं टाका. नाहीतर पुढची दोन वर्षं वर्ध्या-भंडाऱ्याहून तुम्हाला फोन येत राहतील.