मालगाडीच्या मॉडेलला धातूची चाकं बसवताय? या चुका टाळा

भुसावळ यार्डातल्या मालगाड्या बघत मोठ्या झालेल्या माणसाला मॉडेलच्या वाघिणी (मालडबे) प्लॅस्टिकच्या चाकांवर मुक्यानं सरकताना बघवत नाहीत. ती चाकं हलकी असतात आणि रुळांवरची घाण उचलून पुन्हा रुळांवरच पसरवतात. तेव्हा धातूची चाकं घ्यायचा विचार चांगलाच आहे. तरी ‘चाकं बदलली आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली’ अशी तक्रार नेहमी कानावर येते. अशा वेळी लोक रुळांना आणि सांध्यांना (गाडी रूळ बदलते त्या जागांना) दोष देतात. दोष बहुतेक वेळा ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांडीच्या, लांबीत असतो.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त चाकाचा व्यास बघून पाकीट मागवणं. एचओ मापात (खऱ्या गाडीच्या 87 पट लहान मॉडेलांत) ॲक्सलची टोकदार टोकं बोगीच्या (डब्याखालच्या चाकं धरणाऱ्या सांगाड्याच्या) बाजूपट्टीतल्या शंकूच्या आकाराच्या खळग्यात बसतात. अमेरिकी मॉडेलांचे ॲक्सल साधारण 25 ते 26.5 मिलिमीटर लांब, तर युरोपीय बरेचसे 24 ते 25. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण ॲक्सल अर्धा मिलिमीटर जास्त लांब असला तरी बाजूपट्ट्या बाहेर ढकलल्या जातात, टोकं आवळतात आणि चाक फिरण्याऐवजी घासत जातं. आखूड असला तर उलटं होतं. टोकं खळग्यात सैल बसतात, वाघीण बसकी होते, डोलते, आणि चाक ब्रेकच्या तुकड्याला लागायला लागतं.

म्हणून जुना ॲक्सल काढून डिजिटल व्हर्नियरनं मोजा. त्या मापावरही डोळे झाकून विसंबू नका, कारण कारखान्यातून आलेली प्लॅस्टिकची जोडी मुळातच सैल असू शकते. नवी जोडी बसवली की बोगी हातात धरून बोटानं चाकाला टिचकी मारा. चाक काही सेकंद फिरून हळूहळू थांबलं तर जमलं. गचकन थांबलं तर ॲक्सल लांब आहे किंवा खळग्यात प्लॅस्टिकचा कचरा आहे. ॲक्सलला आडवी हालचाल अगदी थोडी हवी, पण हवीच. खळगा साफ करायला त्याच आकाराचं छोटं कातण्याचं हत्यार मिळतं, ते घ्या. साधा ड्रिल बिट घालून लांब ॲक्सल ‘बसवायचा’ उद्योग करू नका. शंकूचा कोन बिघडला की ती बोगी कामातून गेली.

जळगाव-धुळ्यात बसून मुंबईहून किंवा परदेशातून पार्सल मागवणाऱ्यानं तर वेगवेगळ्या लांबीची एकेक जोडी आधी मागवावी. शंभर चाकांचं स्वस्त पाकीट नंतर.

व्यासाबद्दलही एक गैरसमज आहे. परदेशी लेखांत मालडब्याला 33 इंची, म्हणजे एचओत 9.6 मिलिमीटरचं चाक लावा असं सर्रास लिहिलेलं असतं. शंभर टनी डब्यांना 36 इंची, म्हणजे 10.5 मिलिमीटर. तो अमेरिकेचा हिशोब झाला. दीपनगरच्या वीज केंद्राकडे कोळसा नेणाऱ्या बॉक्सएन वाघिणीचं नवं चाक 1000 मिलिमीटरचं असतं, म्हणजे मॉडेलवर जवळपास 11.5. युरोपीय 11 मिलिमीटरचं चाक त्याच्या जवळ जातं. गंमत अशी की बॉक्सएनचं चाक झिजत झिजत 906 मिलिमीटरवर आलं की बाद होतं, आणि त्याचं मॉडेल माप 10.4 येतं. त्यामुळे 36 इंची चाक लावलंत तरी ते झिजलेलं चाक म्हणून खपून जातं, कुणी नावं ठेवणार नाही. 33 इंची मात्र बॉक्सएनखाली खेळण्यासारखं दिसतं. ते कंटेनरच्या बीएलसी वाघिणीला लावा, तिचं खरं चाकच 840 मिलिमीटरचं आहे. (पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीचं मॉडेल करणाऱ्यांचं गणित निराळं. ते 9 मिलिमीटर अंतराच्या रुळांवर चालतं.)

व्यास वाढवला की डबा फरकाच्या निम्म्यानं उचलला जातो. 9.6 वरून 10.5 वर गेलात तर साधारण 0.45 मिलिमीटर. तेवढ्यानं कपलर (डबे जोडणारा आकडा) शेजारच्या डब्याशी जुळत नाही आणि चढावर गाडी मधेच तुटते. त्यामुळे चाकं बदलली की कपलरची उंची ती मोजायचं गेज लावून तपासायचीच.

दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओत साधारण 14.4 मिलिमीटर हवं. पाकिटातून काढलेली जोडी बरोबरच असेल असं धरून चालू नका. एकाच सांध्यावर एकच डबा घसरत असेल तर आधी हेच मोजा. धातूच्या ॲक्सलवर चाक हलकं पिळत सरकवता येतं. आपल्या खऱ्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे मॉडेलच्या मापात 19 मिलिमीटरच्या वर. पण मॉडेल 16.5 मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावतं, तेव्हा खरेपणाच्या हौसेपायी हे अंतर वाढवू नका. रुळावर टेकणारी पट्टी अरुंद असलेली चाकं दिसायला सुरेख असतात, पण जुन्या, रुंद खाचेच्या क्रॉसिंगवर (रूळ एकमेकांना छेदतात तिथे) ती खाली आपटतात.

जुन्या बाजारातून युरोपीय चाकं घेताना मल्टीमीटर जवळ ठेवा. तीन रुळांच्या एसी पद्धतीतल्या चाकांत इन्सुलेशन नसतं. ती आपल्या दोन रुळांच्या डीसी मांडणीवर ठेवताक्षणी शॉर्ट होतो. एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत वीज वाहता कामा नये. बोगीही धातूची असेल तर सगळ्या ॲक्सलची इन्सुलेट केलेली बाजू एकाच अंगाला ठेवा.

पोलादी ॲक्सल आणि रुळाखालचं कपलर सोडवायचं चुंबक यांचं जमत नाही. डबा आपोआप चुंबकाकडे ओढला जातो. तिथे पितळी ॲक्सल वापरा.

तेल मात्र अजिबात घालू नका. प्लॅस्टिकच्या खळग्यात धातूचं टोक कोरडंच चांगलं फिरतं. फारच वाटलं तर ग्रॅफाइटची चिमूट घाला. जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू उडतात, ते तेलाला चिकटून ॲक्सलभोवती गुंडाळले जातात आणि महिन्याभरात चाक जाम होतं. तसं झालंच तर चिमट्यानं तंतू ओढून काढा. शेवटचं म्हणजे, साईडिंगला (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाला) किंचित उतार असेल तर तिथे डबे अडवायला काहीतरी लावून ठेवा, कारण मोकळी फिरणारी चाकं सोडलेला डबा जागेवर राहू देत नाहीत.