डिझ्नी वर्ल्डमध्ये दोघांच्या खास जेवणाची जागा कशी निवडावी

ऑरलँडोच्या डिझ्नी वर्ल्डमधली खास संध्याकाळ बहुतेक वेळा जेवणामुळे नाही, पायांमुळे बिघडते. सकाळी नऊपासून फ्लोरिडाच्या उन्हात फिरलेलं जोडपं रात्री साडेआठला कितीही उत्तम टेबलावर बसलं, तरी दुसऱ्या पदार्थापर्यंत डोळे जड होतात. म्हणून रेस्टॉरंटांची यादी उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवा: त्या दिवशी संध्याकाळी सहाला आपण कुठे असणार, आणि जेवून खोलीवर कसे परतणार. निम्मी यादी तिथेच गळते.

आधी दिवस ठरवा

भारतातून थेट येणार असाल तर पहिल्या दोन रात्री मोकळ्या सोडा. उन्हाळ्यात तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. शरीर ते घड्याळ लगेच सोडत नाही. न्यू जर्सीहून येणाऱ्यांना हा प्रश्न नाही, वेळ तीच आहे.

खास जेवण मुक्कामाच्या शेवटाकडे ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. पण डिझ्नीच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना, मुक्काम सुरू होण्याच्या ६० दिवस आधी, पुढच्या १० दिवसांपर्यंतची टेबलं एकदम घेता येतात. म्हणजे मुक्कामाच्या सातव्या दिवसाचं टेबल तुम्हाला ६६ दिवस आधी मिळू शकतं. बाहेर राहणाऱ्यांसाठी ती तारीख तेव्हा उघडलेलीच नसते. अवघड टेबलं अशीच मिळतात.

शक्य असेल तर हा दिवस पार्कविना ठेवा. सकाळी उशिरा उठणं, तरणतलाव, दुपारची झोप आणि मग जेवण. पार्कच्या तिकिटाचा दिवस अर्धवट सोडून यायला मन तयार होत नाही आणि शेवटी घाई होते. इथली बरीच उत्तम रेस्टॉरंटं पार्कमध्ये नसून हॉटेलांत आहेत. तिथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. एपकॉट या पार्कमधली मस्यू पॉल आणि ताकुमी-तेई ही दोन मात्र पार्काच्या आत आहेत, तिथे त्या दिवसाचं तिकीट हवंच.

कुठलं टेबल कोणासाठी

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स (ग्रँड फ्लोरिडियन हॉटेल) हे इथलं सर्वांत औपचारिक रेस्टॉरंट. २०२४ साली त्याला मिशेलिनचा एक तारा मिळाला, म्हणजे उत्तम रेस्टॉरंटांना दिला जाणारा नावाजलेला मान. ठरलेला, अनेक छोट्या पदार्थांचा मेनू, माणशी साधारण ३०० डॉलर किंवा त्याहून जास्त, वर पेयं, कर आणि टिप. दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. मुलं बरोबर असतील तर आजी-आजोबा सहलीला आलेत का, हे आधी बघा. जेवण तीन तासांच्या आसपास चालतं. ज्यांना नवीन चवी शांतपणे, एकेक करून अनुभवायला आवडतं, त्यांच्यासाठी ही जागा आहे. ज्यांना पोटभर जेवून लवकर उठायची सवय आहे, त्यांनी एवढे पैसे इथे घालू नयेत.

कॅलिफोर्निया ग्रिल कंटेम्पररी हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर आहे. इथे लोक येतात ते खिडकीतून दिसणाऱ्या मॅजिक किंग्डम या पार्कच्या आतषबाजीसाठी. खिडकीजवळचं टेबल मागता येतं, पण त्याची हमी मिळत नाही. त्यावर संध्याकाळ टांगून ठेवू नका. त्यापेक्षा थोडं लवकरचं टेबल घ्या, निवांत जेवा, बिलाची पावती जपून ठेवा. त्याच रात्री ती पावती दाखवून आतषबाजीच्या वेळी परत वर जाता येतं. बाहेरच्या गच्चीवर उभं राहून, आतषबाजीचं संगीत ऐकत बघता येतं. आतषबाजीची वेळ ऋतूनुसार बदलते, म्हणून ती बघूनच टेबलाची वेळ घ्या. पोहोचल्याची नोंद दुसऱ्या मजल्यावर करायची असते. थेट पंधराव्या मजल्याची लिफ्ट शोधत दहा मिनिटं घालवू नका.

टोपोलिनोज टेरेस (रिव्हिएरा हॉटेल) गच्चीच्या मजल्यावर आहे, जेवण फ्रेंच-इटालियन किनाऱ्याच्या धाटणीचं. सकाळी इथे मिकी आणि मंडळी टेबलांमधून फिरतात, रात्री नाही. त्यामुळे न्याहारीचे फोटो बघून ही जागा रद्द करू नका.

मासे आवडणाऱ्यांनी नारकूसीज बघावं, ग्रँड फ्लोरिडियनच्या तळ्याकाठी. मासा ताजा असतो, पण मसाला बेताचा. कालवणाच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. माशाची स्वतःची चव आवडत असेल तर खूश व्हाल.

मसाल्याची ओढ असेल तर ॲनिमल किंग्डम लॉज या हॉटेलकडे वळा. तिथलं जीको हे आफ्रिकी चवींचं औपचारिक रेस्टॉरंट, दक्षिण आफ्रिकेच्या वाइनसाठी नावाजलेलं. पण हॉटेलच्या कुरणातले प्राणी जीकोच्या खिडकीतून दिसत नाहीत, आणि ते दिसतील या गैरसमजाने अनेक जण तिथे जातात. जिराफ आणि झेब्रे बघत जेवायचं असेल तर शेजारच्या किदानी व्हिलेजमधलं सना. ते काटेकोर अर्थाने फाइन डाइनिंग नाही, बिलही बरंच कमी येतं. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय चवीची जोड, नान आणि त्याबरोबर चटण्यांची मोठी रांग. शाकाहारी जोडप्याला हीच शिफारस सर्वांत आधी करावीशी वाटते. अट एकच, उजेड हवा. अंधारात कुरण काळं दिसतं. ऑरलँडोत जूनअखेर सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच. टेबल सूर्यास्ताच्या तासभर आधीचं घ्या.

सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण नावावरून रोमँटिक वाटतं. प्रत्यक्षात तिथे राजकन्यांना भेटायला आलेली लहान मुलं भरलेली असतात. लेकीला घेऊन जरूर जा, पण लग्नाच्या वाढदिवसासाठी नको.

बुकिंग

ऑनलाइन बुकिंग तिथल्या सकाळी ६ ला सुरू होतं: उन्हाळी वेळेत भारतात दुपारी ३.३०, हिवाळ्यात ४.३०. त्याआधी डिझ्नीच्या ॲपवर खातं, दोघांची नावं आणि कार्ड भरून ठेवा. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बहुतेकदा बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून आदल्या दिवशीच सुरू करा, नाहीतर ऐन वेळी कार्ड नाकारलं जातं आणि टेबल हातचं जातं.

नाही मिळालं तर सोडून देऊ नका. बहुतेक रेस्टॉरंटांत दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. न जाता टेबल अडवलं तर माणशी १० डॉलर कापतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी आणि त्याच दिवशी दुपारी टेबलं सुटतात, आणि दोघांचं टेबल चौघांच्या टेबलापेक्षा सहज मिळतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्सचे नियम याहून कडक आहेत, ते वाचूनच कार्ड द्या.

न खाण्याच्या गोष्टी आधी सांगा

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचा स्टॉक, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा, गोड पदार्थात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं), सॉसमध्ये गोमांसाचा अर्क, हे नेहमीचं आहे. अंडं तर तिथे शाकाहारातच धरतात. डिझ्नीच्या मेनूवर पानाचं चिन्ह असलेल्या पदार्थात मांस, दूध, अंडं आणि मध नसतो. अंडं न खाणाऱ्यांना तीच खूण सर्वांत भरवशाची. कांदा-लसूण चालत नसेल तर बुकिंगच्या वेळी लिहा आणि टेबलावर बसल्यावर शेफशी बोलायचंय असं सांगा. ठरलेल्या मेनूच्या जागी हे न सांगता गेलात, तर तीनशे डॉलरला उकडलेल्या भाज्या वाट्याला येऊ शकतात.

कपडे, बिल, परतीचा रस्ता

पोहण्याचे कपडे या रेस्टॉरंटांत चालत नाहीत. साडी किंवा बंदगळा अगदी शोभून दिसतो. शाल मात्र घ्या, आतला एसी बोचतो. वाइन घ्यायची असेल तर वय २१ पूर्ण हवं आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा.

बिलात छापील किमतीवर ६.५ टक्के कर आणि १८ ते २० टक्के टिप धरा. माणशी ९० डॉलरचा मेनू दोघांचा १८०, कर सुमारे १२, टिप ३६, म्हणजे पाण्याव्यतिरिक्त काही न पिता २२८ डॉलर. टिप कार्ड घासल्यावर स्लिपवर लिहायची असते, त्यामुळे बँकेचा पहिला मेसेज कमी रकमेचा येतो.

मॅजिक किंग्डमहून कंटेम्पररी दहा मिनिटांच्या चालीवर आहे. आतषबाजीनंतर मोनोरेलच्या रांगेपेक्षा चालणंच लवकर होतं. एपकॉटहून रिव्हिएराला स्कायलाइनरने (तारेवरून चालणाऱ्या पाळण्याने) एकच टप्पा, पण विजा चमकल्या की तो बंद करतात आणि उन्हाळ्यात दुपारचं वादळ नेहमीचंच. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नाही. पार्कला जाऊन बस बदलावी लागते आणि सहज तास जातो. ॲनिमल किंग्डम लॉजला तर जाता-येता ॲपवरची टॅक्सीच करा. परतीची टॅक्सी गोड पदार्थ संपताना बोलवा, कॉफीचा शेवटचा घोट होईतो ती दाराशी येते.