कॅरिबियनला डायव्हिंगला जाताय? बेट निवडताना या चुका टाळा

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक प्रश्न हमखास पडतो, कॅरिबियनमध्ये स्कुबाला कुठे जाऊ. उत्तरं पण ठरलेली. एक जण मेक्सिकोचं कोझुमेल म्हणतो, दुसरा डच बेट बोनेर, तिसरा बेलिझच्या ब्लू होलचा, म्हणजे समुद्रातल्या गोल खोल खड्ड्याचा, ड्रोनवरून काढलेला फोटो टाकतो आणि मग सगळे त्या फोटोवरच भाळतात. तुझे डाइव्ह किती झालेत, करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, झेपतो का, सोबत न डायव्ह करणारं कोण आहे, हे कोणी विचारतच नाही. सगळी बेटं निळीशार आणि सगळीकडे पाणी कोमटच, साधारण २६ ते २९ डिग्री, पण डायव्हिंगची पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे आणि ट्रिप फसते ती तिथेच.

फोटो बघून ब्लू होल बुक करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्लू होल वरून गोल दिसतं म्हणून प्रसिद्ध. ३०० मीटर रुंद, १२० मीटरच्या वर खोल, १९७१ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तो आपलं जहाज घेऊन तिथे गेला आणि तेव्हापासून नाव झालं. पण पाण्यात उतरल्यावर तो गोल काही दिसत नाही राव! आत कोरल जवळपास नाहीच, मासे तुरळक. बघायचं असतं ते खाली लोंबणारे चुनखडीचे खांब, आणि ते चाळीस मीटरच्या आसपास. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या कोर्सच्या कार्डवाल्याची मर्यादा १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्डची ३०, आणि चाळीस ही मनोरंजनाच्या डायव्हिंगची शेवटची रेषा. म्हणजे खाली पोचून मिळणार जेमतेम सात-आठ मिनिटं, त्यात नायट्रोजनमुळे डोकं हलकं झालेलं, आणि यासाठी बेलिझच्या सॅन पेद्रोहून पहाटे निघून एका बाजूला दोन तासांच्या वर उघड्या समुद्रात बोट आपटत जाते, ज्यांना बोट लागते त्यांचं तर विचारूच नका.

आधीच बुक केलं असेल तर कॅन्सल करायची गरज नाही. त्याच दिवसाच्या ट्रिपमध्ये बहुतेक वेळा हाफ मून की आणि लाँग की इथले दोन डाइव्ह पण असतात आणि खरी मजा त्यांचीच. नवीन असाल तर ब्लू होलला वर स्नॉर्कल करा आणि टाकी त्या दोन डाइव्हना लावा. गोलच बघायचा असेल तर छोट्या विमानातून बघतात, फक्त ती फेरी डायव्हिंग सुरू करायच्या आधी ठेवा, नंतर नको.

मालवणचा व्हिडिओ म्हणजे सर्टिफिकेशन नव्हे

तारकर्ली-मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला इन्स्ट्रक्टरने मागून धरून खाली नेलं, माशांना बिस्किट दाखवलं, व्हिडिओ मिळाला. छान अनुभव, पण कोझुमेलच्या दुकानात कार्ड मागतील तेव्हा हा व्हिडिओ चालणार नाही. कार्ड नसेल तर थिअरी आणि स्विमिंग पूलचा भाग घराजवळच उरका, तेवढं झाल्याचा रेफरलचा कागद घ्या आणि समुद्रातले चार डाइव्ह तिकडे करा, सुट्टीतले दोन दिवस वर्गात जात नाहीत. कोर्स स्वस्तात करायचा तर होंडुरासचं उटिला, बॅकपॅकवाली पोरं तिथे त्यासाठीच जातात. शेजारचं रोआटान थोडं आरामशीर. दोन्हीकडे किनाऱ्यावर बारीक वाळूमाश्या चावतात, त्याची खाज आठवडाभर जात नाही.

आणि कार्ड आहे पण पाण्यात उतरून दोन-तीन वर्षं झालीत, असे आपल्यात भरपूर. पहिल्या दिवशी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, घ्या, लाजू नका. कोझुमेल, केमनला गिऱ्हाईक जास्त करून अमेरिकन, त्यामुळे उतरण्याआधीचं ब्रीफिंग खोली फुटात आणि टाकीतला दाब पीएसआयमध्ये सांगून होतं. तुम्ही मीटर-बार वर शिकला असाल तर एवढं पाठ करून जा: ६० फूट म्हणजे १८ मीटर, ३००० पीएसआय म्हणजे साधारण २०० बार, ५०० म्हणजे ३५ च्या आसपास. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात घ्यायचं यंत्र) स्वतःचा आणि तो डिन जोडणीचा असेल तर अ‍ॅडॉप्टर न्या, टाक्या तिकडे बहुतेक दुसऱ्या, योक जोडणीच्या असतात.

करंट न विचारता कोझुमेल, आणि सगळं बोटवाला बघेल समजून बोनेर

कोझुमेलला डायव्ह म्हणजे ड्रिफ्ट. बोट एका जागी सोडते, करंट तुम्हाला भिंतीच्या कडेने वाहत नेतो, बोट बुडबुड्यांच्या मागे मागे येते आणि भलतीकडे उचलते. ज्याला जमलं त्याला पाय हलवायचे पण कष्ट नाहीत. पण नवखा माणूस काय करतो, फोटो काढायला थांबतो, मग ग्रुप पुढे गेला म्हणून जीव तोडून पोहतो किंवा उलट्या दिशेने झगडतो आणि वीस मिनिटांत टाकी अर्धी. उपाय साधा: रीफच्या (कोरलच्या खडकाच्या) जवळ, थोडं खाली राहा, तळाशी करंट कमी असतो. गाईडच्या पुढे जाऊ नका, आणि वर येताना बोटीला दिसावं म्हणून फुगवायचा लांब नारंगी फुगा, त्याला सॉसेज म्हणतात, स्वतःचा ठेवा, तो वापरायची सवय पूलमध्येच करा. पहिल्या दिवशी सांता रोसा वॉल किंवा डेव्हिल्स थ्रोट नको, पॅराडाइज रीफसारखी उथळ जागा मागा. हवा लवकर संपते त्यांनी बुकिंग करतानाच मोठ्या स्टीलच्या टाक्या आहेत का विचारा, काही दुकानं देतात. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की बंदर बंद होतं आणि मग कोणाचीच बोट निघत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तीन दिवसांची घाईची ट्रिप ठरवू नका, दोन दिवस सैल ठेवा. त्याच महिन्यांत ईगल रे मासे पण दिसतात, तेव्हा जायचं नाही असं नाही.

बोनेर याच्या बरोबर उलट. भाड्याने पिकअप ट्रक घ्यायचा, मागे टाक्या टाकायच्या, रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात त्यावर साइटचं नाव, तिथे थांबायचं आणि चालत पाण्यात. गाईड नाही, बोट नाही, घड्याळ नाही. ऐकायला स्वर्ग आहे, पण म्हणजेच दिशा बघणं, हवा बघणं, बडीला, म्हणजे जोडीदाराला, सांभाळणं सगळं तुमच्यावर. दोघंही नवीन असाल तर सुरुवातीचे एक-दोन डाइव्ह गाईड घेऊन करा. आत शिरताना पायाखाली कोरलचे तुकडे आणि खडक, तेव्हा जाड तळाचे बूट आणि पट्ट्यावाले फिन्सच लागतात, पूर्ण पायात घालायचे पूलवाले फिन्स नेले तर किनाऱ्यावरच रडाल. ट्रकमध्ये काहीही ठेवू नका, काचा उघड्या ठेवून जातात तिथली माणसं, फोडायला काही नको म्हणून. ट्रक बरेचदा गिअरचे असतात, पुण्यात शिकलेल्यांना इथे पहिल्यांदा फायदा! १००० स्टेप्स नावाच्या साइटला पायऱ्या सत्तरही नाहीत, पण टाकी पाठीवर घेऊन वर येताना मोजायची इच्छा उरत नाही. हातमोजे बोनेरलाही चालत नाहीत आणि कोझुमेलच्या मरीन पार्कातही, बॅगेतून काढून टाका. बोनेरच्या पार्कची फी ऑनलाइन आधीच भरा आणि पहिला डाइव्ह चेक डाइव्ह, म्हणजे तयारी तपासायचा, असतो हे गृहीत धरा.

उभ्या भिंती बघायच्यात आणि खिसा सैल आहे तर लिटल केमनची ब्लडी बे वॉल. जहाज बघायचंय तर ग्रँड केमनला किटीवेक, अमेरिकन नौदलाचं, २०११ मध्ये मुद्दाम बुडवलेलं, आणि ग्रेनाडाला बियांका सी, ती १९६१ मध्ये आग लागून बुडाली, खोल आणि करंटवाली, नवख्यांची नव्हे. केमन डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा जड आहे हे मेनूकार्ड बघताना लक्षात ठेवा.

सीझन आणि जुने फोटो

हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. सप्टेंबरचं स्वस्त पॅकेज उगाच स्वस्त नसतं. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्माने कोझुमेल झोडपलं होतं. बोनेर, क्युरासाव, अरुबा दक्षिणेला असल्याने तिथे धोका खूप कमी, पण "पट्ट्याबाहेर", म्हणजे हरिकेनच्या वाटेबाहेर, हा शब्द ग्रेनाडाच्या बाजूलाही सर्रास फेकतात आणि १ जुलै २०२४ ला बेरिल नेमकं ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर आदळलं. सप्टेंबरचं बुकिंग झालंच असेल तर रिफंड मिळणारं तिकीट आणि वादळ कव्हर करणारा इन्शुरन्स, तोही वादळाला नाव पडायच्या आधी काढलेला.

दुसरं, दहा वर्षांपूर्वीचे फोटो बघून कोरलची अपेक्षा ठेवू नका. २०१४ मध्ये फ्लोरिडाला दिसलेला कोरलचा रोग नंतर कोझुमेल, केमन आणि २०२३ मध्ये बोनेरपर्यंत पोचला, ब्रेन कोरल आणि पिलर कोरल त्यात खूप गेले. स्पंज, कासवं, रे अजून भरपूर आहेत. पण मांटा आणि व्हेल शार्कच हवा म्हणणाऱ्याने मुळात मालदीव बघावं.

कागद, विमान आणि घरची माणसं

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोला वेगळा लागत नाही. बोनेर डच असलं तरी शेंगेनमध्ये नाही, त्याचा कॅरिबियन व्हिसा वेगळा, कोणाला सूट आहे ते डच सरकारच्या साइटवर बघून घ्या. अमेरिकेत एच-वन या कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांनी पासपोर्टमधल्या व्हिसा स्टॅम्पची तारीख बघावी, आय-७९७ या मंजुरीच्या कागदावरची नव्हे. बेटावरून परत येताना नुसता तो कागद दाखवून बहुतेक वेळा विमानात बसू देत नाहीत.

शेवटचा डाइव्ह आणि विमान यात कमीत कमी १८ तास लागतात, २४ ठेवले तर उत्तम, म्हणजे पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये डायव्हिंगचे दिवस तीनच धरा. इन्शुरन्समध्ये डिकम्प्रेशन चेंबरचा, म्हणजे डाइव्हनंतरच्या त्रासावरच्या उपचाराचा, खर्च येतो का ते वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कुबा बरेचदा वगळलेलं असतं.

आणि आई-बाबा किंवा लहान पोरं सोबत असतील तर बोनेर नको, पांढऱ्या वाळूचे बीच तिथे फारसे नाहीतच, दुपारपर्यंत ती कंटाळतात. त्यांच्यासाठी ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच किंवा कोझुमेल. कोझुमेलला शाकाहारी असाल तर फ्रिहोलेस म्हणजे राजम्यासारखी डाळ दिसते आणि आई खूश होते, पण त्यात डुकराची चरबी घालतात बरेच जण, तेव्हा ऑर्डर देतानाच "सिन मान्तेका" सांगा.