टूटू निवडताना, शिवताना आणि जपताना या चुका टाळा

बॅले म्हटलं की बहुतेकांना कमरेपाशी ताटासारखा आडवा पसरलेला घेरच आठवतो. त्यामुळे डान्स क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात बॅलेचा एखादा प्रवेश ठरला की कपडेपटवाल्याकडून तोच घेर आणतात, मग प्रवेश कुठलाही असो. सगळ्यात मोठी चूक हीच. टूटूची, म्हणजे बॅले नर्तिकेच्या जाळीदार घेराची, लांबी शोभेसाठी कमीजास्त झालेली नाही. त्या त्या काळात पायांना जे करायचं होतं, त्यावरून ती ठरत गेली.

‘ला सिल्फीड’ आणि ‘जिझेल’ या जुन्या बॅलेंसाठी आखूड टूटू अजिबात घेऊ नका. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात नर्तिका मारी ताल्योनी ‘ला सिल्फीड’मध्ये उभी राहिली ती पांढऱ्या, तलम, घंटेच्या आकाराच्या घेरात. तो पोटऱ्यांच्याही खाली येत होता. पायाच्या बोटांवर उभी राहिलेली नर्तिका जमिनीला जेमतेम स्पर्श करते आहे असं भासायला हवं होतं, आणि गॅसदिव्यांच्या मंद उजेडात ते पांढरं कापड धुक्यासारखं दिसे. १८४१ च्या ‘जिझेल’मधल्या विलींना, म्हणजे लग्नाआधीच मरण पावलेल्या मुलींच्या आत्म्यांना, हाच लांब घेर शोभतो. आखूड कडक टूटूत त्या भुतं न वाटता राजकन्या वाटतात.

दुसरी चूक उलट्या दिशेची. ‘स्वान लेक’ म्हणजे सपाट टूटू, आणि तो पहिल्यापासून तसाच, असं छातीठोकपणे लिहिलेलं आढळतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८९५ साली पियेरिना लेन्यानीने या बॅलेत सलग ३२ फुएत्ते, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या झटक्याने मारायच्या गिरक्या, घेतले, तेव्हा तिचा घेर जवळपास गुडघ्यापर्यंत आणि खाली झुकलेला होता. गुडघा, मांडी, वळणारा पाय दिसावा म्हणून घेर वर सरकत गेला हे खरं, पण मधल्या थरात तारेचं कडं घातलेला अगदी सपाट टूटू विसाव्या शतकातला. आज तो वापरायला काहीच हरकत नाही. फक्त त्याला ‘मूळ पोशाख’ म्हणू नका.

या सगळ्याचं श्रेय एकाच व्यक्तीला देण्याचा मोहही टाळायला हवा. नर्तिका मारी कामार्गोने १७२६ नंतर पॅरिसमध्ये घागरा जरासा वर घेतला, कारण तिच्या चपळ उड्या प्रेक्षकांना दिसत नव्हत्या. तिचीच समकालीन मारी साले १७३४ मध्ये लंडनला साध्या मलमलीच्या झग्यात, टोपाविना नाचली. दोघींनी वेगवेगळ्या अडचणी सोडवल्या.

आता शिवणकाम. टूटू खाली लोंबतो ही नेहमीची तक्रार, आणि दोष बहुधा कापडात असतो. सगळे थर मऊ जाळीचे घेतले तर वरच्या थरांना आधार कशाचा? कॅनकॅनसाठी वापरतात तसली कडक जाळी आतल्या थरांना हवी. मांडीजवळचा थर सगळ्यात आखूड आणि वर जाताना प्रत्येक थर थोडा लांब, असं कापा. हे थर चुण्या घालून निकरवर शिवायचे असतात, कमरपट्टीवर नव्हे. घेर कमरेतून निघाला की धड आखूड दिसतं. तो नितंबाच्या वरच्या भागातून निघावा. थर एकमेकांना जोडणारे टाके सैलच ठेवा, कारण ते आवळले की सगळे थर एकत्र चिकटतात आणि उडीबरोबर घेर हलत नाही. पाठीला चेन लावू नका. हुकांच्या दोन रांगा लावल्या तर तोच पोशाख पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला होतो.

मुली जास्त असतील तर कडं नकोच. शेजारणीचा घेर लागला की कड्याचा टूटू एका बाजूने वर उचलला जातो. पोशाखकार बार्बरा कारिन्स्काने १९५० मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलनशीनच्या ‘सिंफनी इन सी’साठी कड्याशिवायचा, मऊ, फुगीर टूटू केला तो याच अडचणीवर.

ज्या चुकीला माफी नाही, ती आगीची. ताल्योनीची शिष्या एमा लिव्री १५ नोव्हेंबर १८६२ रोजी पॅरिस ऑपेरात तालीम करत असताना तिच्या घेराने गॅसदिव्याची ज्योत पकडली. कापड पेटू नये म्हणून रसायनात बुडवण्याची कार्तेरोंची पद्धत तेव्हा उपलब्ध होती, सरकारी आदेशही निघालेला होता. पण तसं कापड ताठ आणि मळकट दिसतं म्हणून एमाने ते नाकारलं होतं. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ ला ती गेली. वय अवघं वीस.

आजची नायलॉनची जाळी वितळून कातडीला चिकटते, हे त्याहून कमी भयंकर नाही. त्यामुळे टूटू घातलेल्या मुलींच्या हाती समई किंवा मेणबत्ती देऊ नका, आणि दीपप्रज्वलनाच्या वेळी त्यांना विंगेत थांबवा. अग्निरोधक प्रक्रिया केलेली जाळी घेतलीत तर ती पाण्यात धुऊ नका, धुतल्यावर तो गुण निघून जाऊ शकतो.

तसाही टूटू धुवायचा नसतोच. बॉडिसला, म्हणजे वरच्या चोळीसारख्या भागाला, आतून सुती अस्तर लावा, म्हणजे घाम ते शोषतं. वास राहिलाच तर साध्या व्होडकाचा हलका फवारा मारून वाऱ्यावर वाळू द्यायची पद्धत नाटक कंपन्यांत रूढ आहे. फवारा पूर्ण वाळेपर्यंत जवळपास ज्योत नको. सपाट टूटू हँगरला सरळ टांगला की काही आठवड्यांत थर खाली बसतात, म्हणून तो उलटा टांगा किंवा आडवा ठेवा. ‘ला सिल्फीड’सारखा लांब रोमँटिक घेर मात्र सरळच टांगावा.